सिरॅमिक की बीड? रुवैसमधील स्पोर्ट्स कार आणि ब्रेकची निवड

अबू धाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, अल् धफ्रा प्रदेशाच्या किनाऱ्यावर रुवैस वसले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून येथे तेलशुद्धीकरण चालते आणि त्याभोवती उभ्या राहिलेल्या कारखान्यांत मराठी अभियंतेही काम करतात. भारतात आयात मोटारींवर जबर शुल्क पडते. आखाती देशांत ते ५ टक्के आहे. त्यामुळे पुण्यात केवळ चित्रात पाहिलेली स्पोर्ट्स कार येथे आवाक्यात येते. मागणी नोंदवताना मात्र एका ओळीपाशी लेखणी अडते : सिरॅमिक ब्रेक हवेत का? पोर्श ९११ सारख्या गाडीत अमेरिकी बाजारात या पर्यायाची किंमत नऊ-दहा हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे ३३ ते ३७ हजार दिरहम.

प्रथम शब्दाची दुरुस्ती. ज्यांना बोलताना ‘स्टीलचे ब्रेक’ म्हटले जाते, त्यांची चकती बहुधा पोलादाची नसून बिडाची असते. घावन ज्या तव्यावर घालतात, तोच हा धातुवर्ग. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून वाहनांचे सुटे भाग ओतले जातात तेही याच बिडाचे. बीड स्वस्त असते, उष्णता सामावून घेते, आणि झिजले की चकती बदलून टाकता येते. दोष दोनच : वजन आणि गंज.

सिरॅमिक चकती ही कपबशीच्या चिनी मातीची बहीण नव्हे. कार्बनचे तंतू राळेत मिसळून साच्यात दाबतात, हवेविना भाजतात आणि मग १४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळलेले सिलिकॉन त्यात मुरवतात. कार्बनशी संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड तयार होते, जे बिडाहून कितीतरी कठीण असते. पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ मध्ये अशा चकत्या आणल्या. त्यांचे वजन बिडाच्या चकतीच्या जवळपास निम्मे. चाकाबरोबर फिरणारे वजन घटल्याने सुकाणू हलके व तत्पर वाटते. फॉर्म्युला वनच्या गाडीतील कार्बन चकत्या निराळ्या; त्या तापल्यावाचून नीट धरत नाहीत. रस्त्यावरच्या सिरॅमिक चकत्या थंड असतानाही काम करतात.

विक्रेत्याच्या दालनात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, एकदाच करकचून ब्रेक दाबल्यास सिरॅमिकमुळे गाडी लवकर थांबेलच असे नाही. चाके अडकू न देणारी यंत्रणा कामाला लागेल इतका जोर बिडाचे ब्रेकही देतात. त्यापुढची मर्यादा टायरच्या पकडीची असते. जुन्या टायरवर सिरॅमिक ब्रेक लावणे म्हणजे पैसे चुकीच्या जागी खर्चणे होय.

फरक पडतो तो वारंवार ब्रेक लागतात तेव्हा. १५०० किलोची गाडी ताशी १४४ किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे १२ लाख जूल ऊर्जा उष्णतेत बदलते. ताशी ७२ वर हाच आकडा तीन लाखांवर येतो. रुवैसचा महामार्ग सपाट आणि सरळ. तिथे असा प्रसंग क्वचित येतो आणि पुढच्या प्रसंगापर्यंत चकती निवून जाते. अल् ऐनजवळच्या जबल हफीतची गोष्ट वेगळी. सुमारे ७०० मीटर उतरताना त्याच गाडीची सुमारे एक कोटी जूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, म्हणजे महामार्गावरील आठ-नऊ आणीबाणीच्या थांब्यांइतकी. काही वाटा हवा आणि इंजिन उचलते, उरलेला ब्रेकवर पडतो. यास मरीना सर्किटवर तर प्रत्येक फेरीत हेच घडते. पण हफीत रुवैसहून तीनशे किलोमीटरहून दूर, आणि यास बेट अडीचशेच्या आसपास. वर्षातून तेथे किती वेळा जाणे होते, या प्रश्नाच्या प्रामाणिक उत्तरातच बहुतेकांचा निर्णय दडलेला असतो.

रुवैसमध्ये सिरॅमिकच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे, आणि तो वेगाचा नव्हे. किनाऱ्यावरची खारट, दमट हवा बिडाच्या चकतीवर एका रात्रीत तांबूस थर आणते. रोजच्या वापरात तो चार-दोन ब्रेकांत पुसला जातो. परंतु उन्हाळ्यात कुटुंब महिना-दोन महिने गावी गेले आणि गाडी तशीच उभी राहिली, तर गंज खोल जाऊन चकतीला खड्डे पडू शकतात, पॅडही चिकटू शकतात. सिरॅमिकला हा त्रास नाही. तथापि ३५ हजार दिरहम मोजण्याआधी साधा उपाय करून पाहावा : गाडी धुऊन लगेच झाकू नये, थोडी फिरवून चकत्या कोरड्या कराव्यात, आणि मागे राहणाऱ्या मित्राला आठवड्यातून एकदा ती चालवायला सांगावी. मित्र भरवशाचा हवा, हे वेगळे सांगायला नको.

हीच दमट हवा ब्रेक ऑइलमध्येही हळूहळू मुरते. डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही हमी १५५ अंशांवर उतरते. उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते, मग चकती कशाचीही असो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा येथील सर्वांत स्वस्त सुरक्षा-खर्च आहे.

मधला मार्गही आहे. पोर्शने २०१७ मध्ये कायेनसोबत टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली बिडाची चकती आणली. गंज आणि काळी धूळ दोन्ही कमी, किंमत सिरॅमिकहून खाली. रुवैससारख्या ठिकाणी, जिथे हा पर्याय मिळतो तिथे, तोच अधिक शहाणपणाचा वाटतो.

जुन्या बाजारातून सिरॅमिक ब्रेकची गाडी घेणाऱ्याने मात्र जाडी मोजून समाधान मानू नये. अतिउष्णतेने या चकत्यांतील कार्बन जळून जातो आणि जाडी फारशी न घटता वजन घटते. म्हणून चकतीवर किमान वजन कोरलेले असते. चकत्या उतरवून, तराजूवर ठेवून तो आकडा ताडावा. चाक काढता-घालताना ते आदळून उडालेला टवका कडेला आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण एक चकती बदलण्याचा खर्च बिडाच्या चारही चकत्यांहून जास्त येऊ शकतो.