अजिंठा : रेषेतली माणसे, कोरलेली जागा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याला सपाट चित्र आणि खोल वास्तू एकाच खडकात नांदतात. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरची ही सुमारे ३० लेणी दोन टप्प्यांत खोदली गेली. पहिला टप्पा इसवी सनापूर्वीचा, दुसरा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे करवून घेतले.

छिन्नीने खडबडीत राहिलेल्या भिंतीवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवून वर चुन्याचा पातळ हात दिला जाई. आकृती आधी तांबड्या रेषेत बांधत, मग रंग भरत आणि शेवटी गडद रेषेने कड पक्की करत. नाकावर, ओठांवर पांढऱ्याचा उजाळा असला, तरी माणूस रेषेचाच राहतो. भोवतालची जागा मात्र निराळ्या रीतीची. खडक ठोकळ्यांसारखे पुढे येतात. चित्रातल्या मंडपाचे छत वरून दिसते आणि आत बसलेली माणसे समोरून. याला अज्ञान म्हणणे चूक ठरेल, कारण हे चित्र एका जागी उभे राहून पाहण्यासाठी नाहीच. प्रसंगांना चौकटी नाहीत. खांब, दार, झाड आले की कथा पुढे सरकते आणि पाहणाराही.

पहिल्या लेण्यात सपाट चित्र आणि खोल वास्तू यांच्या मेळाची कमाल आहे. २० खांबांच्या मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी, दोघेही चितारलेले बोधिसत्त्व. आत कोरलेला बुद्ध. दिवा एका बाजूकडून दुसरीकडे नेला की मूर्तीच्या चेहऱ्यावरचा भाव पालटतो. पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या तशाच राहतात. त्याची छाया रंगातच आहे.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडल्यावर पुढे चित्रांच्या नकला सुरू झाल्या. रॉबर्ट गिल या चित्रकाराच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून करवून घेतलेल्या नकलांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. कॅनव्हासवर माणसे आली होती, जागा मागेच राहिली होती. अजिंठ्याच्या पायथ्याच्या पर्यटक केंद्रात पुढे लेण्यांच्याच प्रतिकृती उभारल्या गेल्या.

सपाट माणूस आणि खोल जागा यांची हीच जोडी संगणकीय खेळांतही दिसते. १९९० च्या दशकातल्या काही खेळांत सपाट पात्रे त्रिमितीय जगात वावरत. जपानचा ‘पारप्पा द रॅपर’ हा असाच खेळ १९९६ चा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ या खेळात (२०२०) नायिका त्रिमितीय आहे, पण मागची कथा सपाट छायाबाहुल्यांतून उलगडते आणि देवदेवतांच्या कथा मंदिरांतल्या भित्तिचित्रांवर, खेळाडू चालत त्यांच्यापाशी पोचल्यावर.