प्रवासभय : आगबोटीपासून विमानापर्यंत

मिरकरवाडा हें मच्छीमारांचें बंदर रत्नागिरीच्या रत्नदुर्गाच्या आडोशास वसलेलें आहे. समुद्राशीं पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करणाऱ्या येथील माणसांस त्याचें भय उरलें नसेल, असें घाटावरून येणाऱ्या पाहुण्यास वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. पावसाळ्याच्या ऐन भरांत येथील नौका बंदरांतच विसावलेल्या असतात. आज १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ सरकारी नियमानें ठरलेला आहे. परंतु असा नियम नव्हता तेव्हांही नारळीपौर्णिमेस दर्याला नारळ वाहिल्यावांचून नव्या हंगामाची नौका लोटण्याची रीत कोंकणच्या कोळ्यांत नव्हती. तात्पर्य, दर्यावर्दी माणूस भीत नाहीं असें नव्हे. केव्हां भ्यावें आणि केव्हां भिऊं नये, हें त्यास ठाऊक असतें.

रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ तरुण आज नोकरीसाठीं आखाती देशांत जातात. मग असें घडतें कीं, लाटांवर वाढलेल्या घरांतील एखादी आई मुलाच्या घरीं नातवंड जन्मास आलें तरी जाण्याचें टाळते. कारण मध्यें विमान आहे. या भयास हसणें सोपें आहे. परंतु त्याचा इतिहास पाहिला तर हंसू आपोआप आवरतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोंकणांतून मुंबईस जाण्याचें मुख्य साधन म्हणजे आगबोट. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. आगबोट किनाऱ्यास लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही आणि उतारूंस पडावांतून तिच्यापर्यंत नेत. खालीं पडाव हेलकावत आहे, वर बोटीची शिडी हलत आहे, आणि खलाशी हात पुढें करून ‘आतां पाय टाका’ म्हणून ओरडत आहे! कडेवर मूल आणि हातांत गांठोडें घेतलेल्या स्त्रीची त्या क्षणीं काय अवस्था होत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

हें भय निराधार नव्हतें. १८८८ च्या नोव्हेंबरांत ‘वैतरणा’, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘विजळी’, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळांत सांपडून सर्व उतारूंसह नाहींशी झाली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्य महिन्यावर आलें असतां, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. जीं वांचलीं, त्यांतील अनेकांस रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें होतें. ही वार्ता मुंबईस पोहोंचण्यास कांहीं तास लागले.

तरीही माणसें बोटीनें जात राहिलीं. दुसरा सुलभ मार्गच नव्हता. गरज माणसाचें पाऊल पुढें टाकावयास लावते. मनाची समजूत मात्र ती घालूं शकत नाहीं. तें कार्य नियमांचें आहे. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हां तिच्यावर सर्व उतारूंस पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या नव्हत्या. १९१४ सालीं लंडन येथें अनेक राष्ट्रांनीं करार करून जहाजावरील प्रत्येकास होडींत जागा असावी आणि बिनतारी यंत्रावर अखंड पहारा असावा, असें ठरविलें.

विमानविद्येनें हा धडा अधिक कसोशीनें गिरविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं एका इंजिनाच्या लहानशा विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें टपाल आणलें. पुढें वीस-बावीस वर्षांतच प्रवासी घेऊन जाणारीं जेट विमानें आकाशांत दिसूं लागलीं. त्यांतील पहिलें, इंग्रजांचें ‘कॉमेट’, १९५४ सालीं दोनदां हवेंतच फुटलें. शास्त्रज्ञांनीं समुद्राच्या तळांतून अवशेष काढले. एक संपूर्ण विमान पाण्याच्या टांकींत ठेवून त्यांतील दाब पुनःपुन्हां वाढविला व कमी केला. आणि धातु शिणून त्यास तडा जातो हें सिद्ध केलें. त्यानंतरचीं विमानें या ज्ञानाच्या आधारें बांधलीं गेलीं. अपघाताच्या चौकशीचा हेतु कोणाच्या माथीं दोष मारणें हा नसून पुढील अपघात टाळणें हा आहे, असें तत्त्व आंतरराष्ट्रीय नियमांत नमूद झालें. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेस विमान कोसळलें आणि त्यांतील २४२ पैकीं २४१ जण मरण पावले. अशा वार्तेनें मन हादरणें स्वाभाविक आहे. परंतु तिच्यापुढें आणि मागें त्याच दिवशीं जगभर लक्षावधि माणसें सुखरूप उतरलीं, ही वार्ता कोणी छापीत नाहीं.

इतकें ऐकूनही भय जात नाहीं. कारण तें बुद्धींत नसून अपरिचयांत असतें. विमान उडाल्यावर थोड्याच वेळांत इंजिनाचा आवाज उतरतो. नवख्या उतारूस वाटतें कीं इंजिन बंद पडलें. वस्तुतः उड्डाणास लागणारा जोर वैमानिकानें आतां कमी केलेला असतो. पोटाखालून धडधड ऐकूं येते, ती चाकें आंत घेतल्याची. पंख वांकतात, कारण ते वांकावे असेच घडविलेले असतात. हवेचे हेलकावे तर मिरकरवाड्याच्या तांडेलास समजावून सांगावयास नकोत. लाट नौकेस उचलते आणि सोडते, तसाच तो प्रकार आहे.

हा परिचय जमिनीवर बसून करून घेण्याची युक्ति एका खेळण्यांतून निघाली. अमेरिकेंत एडविन लिंक नांवाचा तरुण बापाच्या वाद्यांच्या कारखान्यांत काम करी. ऑर्गनच्या भात्यांचा उपयोग करून १९२९ च्या सुमारास त्यानें एक बुटकें लांकडी विमान बनविलें. तें जागेवरच डुले, वळे आणि कले. विमानशाळांनीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं. प्रारंभीं तें जत्रेंतील करमणुकीसाठींच विकलें गेलें. १९३४ सालीं अमेरिकन लष्कराकडे हवाई टपालाचें काम आलें, खराब हवेंत अनेक वैमानिक दगावले, आणि तेव्हां लष्करानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिक त्याच खेळण्यांत शिकून तयार झाले.

१९८२ सालीं ब्रूस आर्टविक याच्या परिश्रमांतून मायक्रोसॉफ्टचा विमान चालविण्याचा खेळ संगणकावर अवतरला आणि तें लांकडी विमान जणूं घराघरांत आलें. भयाची वस्तु थोडथोडी, सोसेल इतकीच समोर आणून मन सरावतें, हें जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञानें १९५८ सालींच मांडलें होतें. २००० सालीं अमेरिकेंत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं विमानभय असलेल्या कांहीं रुग्णांस संगणकानें निर्मिलेल्या विमानांत बसविलें, तर कांहींस खऱ्या विमानतळावर नेलें. दोहोंचा गुण सारखाच आला.

म्हणून घरांतील मुलानें खेळासाठीं लॅपटॉप मागितला, तर तो केवळ उनाडपणा समजूं नये. मात्र घेतांना, मच्छीमार नौकेचें इंजिन पारखतो तसा तो पारखावा. किती जोराचें, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. कोणत्या कामासाठीं, हा असतो. विमानाच्या खेळास चित्रें रंगविणारा स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसर आणि त्याची स्वतःची पुरेशी स्मृति हवी. मायक्रोसॉफ्टच्या त्याच खेळाच्या २०२४ च्या आवृत्तीस किमान १६ जीबी रॅम लागते. शिफारस ३२ ची आहे. एकाच नांवाचा प्रोसेसर पातळ लॅपटॉपांत कमी वीज घेऊन मंद चालतो, तर जाड लॅपटॉपांत अधिक जोरानें. म्हणून नांवावर न जातां तो किती वॅट वीज घेतो हें विचारावें. इंजिनास थंड ठेवणारें पाणी जसें, तसे यास पंखे. ते गुदमरले कीं यंत्र मंदावतें. कोंकणच्या दमट, खारट हवेंत दुरुस्तीची सोय जवळ आहे ना, हेंही पाहावें. खेळतांना बॅटरी फार काळ पुरत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

ज्यास भयानें झोंप येत नाहीं किंवा श्वास कोंडतो, त्यानें मात्र खेळावर न विसंबतां डॉक्टरांकडे जावें. इतरांस संध्याकाळचा अर्धा तास पुरे. मुलानें विमान उडवावें, आईनें शेजारीं बसून आवाज कां उतरला, पंख कां वांकला, हें विचारावें. पहिल्या दिवशीं धांवपट्टीवरूनच परतलें तरी चालेल. पडावांतून शिडीवर पाय टाकणारी तिची आजी काहीं निर्भय नव्हती. हात कोठें धरावयाचा आणि लाट केव्हां वर येते, एवढें तिला कळलें होतें.