रिकर्शन स्लो असतं, हे कुणी ठरवलं?

"रिकर्शन दिसायला छान, पण स्लो. त्यापेक्षा लूप लिही." बी.टेक.च्या लॅबपासून ऑफिसमधल्या कोड रिव्ह्यूपर्यंत हे वाक्य मी सतत ऐकत आलोय. आज बघूया, यात तथ्य किती.

१९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये फंक्शनने स्वतःलाच बोलवायची सोय नव्हती. मग १९५८ मध्ये एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी लिस्पवर काम सुरू केलं. तिथे रिकर्शन हाच पाया. पण अडचण आली मेमरीची. समजा, ५ चं फॅक्टोरियल काढायचंय. '४ चं उत्तर येऊ दे, मग ५ ने गुणतो' अशी उधारी स्टॅकवर लिहून ठेवावी लागते. मग ४ ची, ३ ची, २ ची. आकडा मोठा असला की वहीच भरते. हाच तो स्टॅक ओव्हरफ्लो!

१९७५ मध्ये एमआयटीतच जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी लिस्पच्या घराण्यातली स्कीम ही छोटी भाषा बनवली. त्यात एक साधा विचार होता. फंक्शनचं अगदी शेवटचं काम दुसऱ्या फंक्शनला बोलावणं असेल, तर परत येऊन करायचं काही उरतच नाही. मग जुनी नोंद ठेवायची कशाला? थेट पुढे उडी मारायची! १९७७ च्या पेपरमध्ये स्टील यांनी ठणकावून मांडलं की फंक्शन कॉल महाग असतो हा गैरसमज आहे. दोष कल्पनेचा नाही, ती नीट न राबवणाऱ्या कंपायलरचा आहे.

आता गुणाकार मागे न ठेवता सोबत घेऊन चला: (५, १), (४, ५), (३, २०), (२, ६०), (१, १२०). उत्तर १२०, उधारी शून्य. हेच टेल रिकर्शन.

मात्र नुसतं असं लिहून भागत नाही, भाषेनेही साथ द्यावी लागते. स्कीमच्या स्टँडर्डमध्ये ती अटच आहे. पायथॉन मात्र नोंदी ठेवतोच, आणि काही सेटिंग बदललं नाही तर साधारण १००० कॉलनंतर थांबवतो. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या स्टँडर्डमध्ये ही हमी आली, पण क्रोममध्ये ती आजही मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "रिकर्शन स्लो" म्हणालं, तर वाद घालू नका. दोनच प्रश्न विचारा: कुठल्या भाषेत? आणि कॉलनंतर काम काय उरतं?

भेटू पुढच्या भागात!