एका तांबड्याचे दोन अर्थ

भाट्याच्या पुलावर उभे राहिले की रत्नागिरीचे सगळे रंग एका नजरेत येतात. काजळी नदीच्या मुखाशी काळसर वाळू, तिच्यामागे माडांचा हिरवा पट्टा, आणि झरी विनायकाच्या बाजूला चढणीवर जांभ्याची तांबडी कड. या किनाऱ्यावरच्या वाळूचा काळेपणा इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाचा, तर जांभ्याचा तांबडेपणा लोहाच्या गंजाचा. रत्नागिरीकर तर समुद्रालाही वाळूच्या रंगावरून नाव देतात : एक ‘काळा समुद्र’, दुसरा ‘पांढरा समुद्र’.

निळ्याने मन शांत होते, तांबड्याने ते उत्तेजित होते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. रंग आणि मन यांचे नाते जर्मन कवी गटे याने १८१० साली आपल्या रंगविषयक ग्रंथात मांडले होते. मात्र आपल्याकडचा सामाजिक इतिहास पाहू लागलो की वेगळाच प्रश्न पडतो. एकच रंग एकीचा सन्मान आणि दुसरीची शिक्षा कसा होतो?

तांबडाच घेऊ. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीपासून कुंकू होते ते याच गुणामुळे. कापडाचा तांबडा रंग मंजिष्ठेच्या किंवा आलीच्या मुळांतून काढत. आलीच्या जातीचे झाड कोकणात बारतोंडी म्हणून ओळखीचे आहे. १८६८ साली ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतले अलिझरीन प्रयोगशाळेत तयार केले आणि पुढे ही मुळे बाजारातून मागे पडली. रंग काढण्याची रीत बदलली, पण त्याला चिकटलेला अर्थ बदलला नाही.

सवाष्णीचे कुंकू लाल, आणि केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचे आलवणही लालच. कुंकू ल्यालेली बाई मंगलकार्यात पुढे. आलवणातली माजघराच्या अंधारात. ती समोर आली तर बाहेर निघालेला माणूस अपशकुन म्हणून मागे फिरे. रंगाचा परिणाम मनावर होत होता खरा, पण तो डोळ्यांतून नव्हे, रूढीतून.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, तरी आलवण सुटले नाही. देवरुखच्या गोदूबाईंना बालपणीच वैधव्य आले. पुढे त्या मुंबईत पंडिता रमाबाईंच्या १८८९ साली निघालेल्या शारदा सदनात शिकल्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला, आणि कर्व्यांच्या मुरुड गावाने या दांपत्यावर बहिष्कार घातला. तरीही १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई, यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात हा काळ नोंदवून ठेवला आहे.

आलवण आज दिसत नाही. पण कुंकू पुसणे आणि हिरव्या बांगड्या फोडणे संपले आहे का? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथांविरुद्ध ठराव करावा लागला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. कर्व्यांच्या विवाहाला तेव्हा १२९ वर्षे झाली होती.

भाट्याचा जांभा तांबडा आहे. तो शुभ नाही, अशुभही नाही. ते ठरवतो आपण, आणि म्हणून बदलूही शकतो आपणच.