दारूबंदीच्या गावातली भट्टी

वर्ध्यात दारूबंदी आहे, आणि त्याच वर्ध्यात जगभर खपणाऱ्या व्हिस्कीची भट्टी धडाडून चालते, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या लिंचबर्गमध्ये नेमकं असंच चाललं आहे. हे गाव ज्या मूर काउंटीत येतं ती दारूबंदीची काउंटी म्हणून ओळखली जाते, आणि जॅक डॅनियल्स गाळली जाते ती याच गावात. नॅशव्हिलहून मोटारीने दीडेक तासाची वाट. सकाळी निघून संध्याकाळी घरी. पूर्वी भट्टी दाखवून झाली की पाहुण्यांच्या हातात लेमोनेड ठेवत. पुढे राज्याकडून खास कायदे करून घेतले, तेव्हा कुठे आधी स्मरणिका म्हणून बाटली विकता येऊ लागली आणि नंतर फेरीच्या शेवटी घोटभर चवही देता येऊ लागली.

कंपनी स्थापनेचं साल 1866 सांगते. पीटर क्रास या चरित्रकाराने जमिनीची आणि कराची जुनी कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा ते साल 1875 च्या आसपास गेलं. जॅस्पर न्यूटन ऊर्फ जॅक डॅनियल याची जन्मतारीखसुद्धा नक्की नाही. तिजोरी उघडेना म्हणून जॅकने तिला लाथ घातली, पायाचं बोट दुखावलं, जखम चिघळत गेली आणि त्यातच तो 1911 मध्ये गेला, ही गोष्ट तिजोरीसकट पाहुण्यांना दाखवतात. क्रासला तीही पटलेली नाही. गोष्ट रंगवून सांगण्यात ही संस्था पहिल्यापासून पटाईत आहे, एवढं ध्यानात ठेवूनच फाटकातून आत शिरावं.

पाण्याबाबत मात्र शंका घ्यायचं कारण नाही. आवारातच चुनखडीच्या गुहेतून बारमाही झरा वाहतो, उन्हाळा असो की हिवाळा, सुमारे 13 अंश सेल्सियसचा. पाण्यात लोह असलं तर व्हिस्की काळवंडते आणि चवही जाते. चुनखडीतून आलेल्या या पाण्यात ते नसतं. धान्याचं प्रमाण 80 टक्के मका, 12 टक्के माल्ट केलेलं बार्ली आणि 8 टक्के राय. इथवर शेजारच्या केंटकीतल्या बर्बनसारखंच. फरक पडतो तो कोळशाने. शुगर मेपल झाडाच्या फळ्यांच्या चळती रचून त्या उघड्यावर जाळतात, पाणी मारून आग आटोक्यात ठेवतात आणि हाती आलेला कोळसा कुटून उंच टाक्यांत भरतात. नुकती गाळलेली कच्ची व्हिस्की दहा फूट कोळशातून थेंब थेंब झिरपत खाली येते. फेरीत वाटाड्या टाकीचं झाकण किंचित उचलून हलवतो, आणि जो वास नाकात शिरतो त्याने न पिणाऱ्याचेही डोळे क्षणभर मिटतात. मग आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपांत ती काही वर्षं मुरत पडते. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलवर जगणारी एक काळी बुरशी कोठारांच्या भिंतींवर आणि भोवतीच्या झाडांवर काजळीसारखी बसते. शेजारच्या लिंकन काउंटीत या बुरशीपायी रहिवासी कोर्टात गेले आणि 2023 मध्ये नव्या कोठाराचं बांधकाम काही काळ थांबवावं लागलं. कोळशातून गाळण्याच्या रीतीला नाव पडलंय तेही याच काउंटीचं, कारण 1871 मध्ये मूर काउंटी वेगळी होईपर्यंत लिंचबर्ग तिच्यातच होतं.

जॅकने लग्न केलं नाही. 1907 मध्ये कारभार भाच्याकडे, लेम मॉटलोकडे गेला, आणि दोन-तीन वर्षांतच टेनेसीत राज्यव्यापी दारूबंदी आली. देशभराच्या दारूबंदीला तेव्हा अजून दहा वर्षं होती. मॉटलोने परराज्यांत भट्ट्या लावून पाहिल्या, त्याही बंद पडल्या. देशाची बंदी 1933 मध्ये उठली तरी राज्याची उठेना. मग हा गृहस्थ राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला आणि कायदा बदलण्याच्या खटपटीला लागला. लिंचबर्गची भट्टी 1938 मध्ये पुन्हा पेटली. महायुद्धात परत थंडावली. मॉटलो 1947 मध्ये वारला आणि 1956 मध्ये त्याच्या मुलांनी कंपनी लुईव्हिलच्या ब्राउन-फॉरमनला विकली.

नव्या मालकांनी भट्टीच्या जोडीने गावही विकायला काढलं. जाहिरातीत पिंपं लोटणारे, ओट्यावर गप्पा छाटणारे गावकरी कृष्णधवल छायाचित्रांत दिसू लागले, आणि लिंचबर्गची लोकसंख्या 361 हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या तसाच छापला गेला. लोक ते गाव बघायला येऊ लागले. मेरी बोबो यांची खाणावळ 1908 पासूनची. बाई 1983 मध्ये वयाच्या 101 व्या वर्षी गेल्या, पण लांब टेबलावर अनोळखी माणसांच्या पंगतीला बसून जेवायची तिथली रीत टिकली आहे.

या सगळ्या रंगवलेल्या चित्रात एक माणूस कितीतरी वर्षं नव्हता. कोवळ्या वयाचा जॅक डॅन कॉल नावाच्या लूथरन धर्मोपदेशकाच्या शेतावर कामाला होता. भट्टी कॉलची, पण ती चालवायचा नाथन ‘निअरेस्ट’ ग्रीन हा गुलाम. गाळायचं कसब जॅकला त्याने शिकवलं. यादवी युद्धानंतर गुलामी संपली, जॅकने स्वतःची भट्टी घातली आणि तिच्यावर मुख्य कारागीर म्हणून निअरेस्टलाच नेमलं. त्याची मुलंही तिथे राबली. 1967 च्या एका जॅकचरित्रात निअरेस्टचा उल्लेख आहे, म्हणजे गोष्ट ठाऊक होती. फेरीत ती सांगत नव्हते. 2016 मध्ये कंपनीने दीडशेवं वर्ष साजरं करताना ती सांगायला घेतली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती छापली आणि फॉन वीव्हर या लेखिकेने मागोवा घेत कॉलचं जुनं शेतच विकत घेतलं. आता कंपनी निअरेस्टला आपला पहिला मास्टर डिस्टिलर म्हणते. वीव्हर यांनी त्याच्या नावाने व्हिस्की काढली आणि 2019 मध्ये शेल्बीव्हिलला डिस्टिलरीही उघडली. तिजोरीची कथा तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांना ही खरी गोष्ट सांगायला इतका वेळ लागावा, ही या संस्थेच्या वाटचालीतली मोठीच उणीव.

आता या वाटेवर एकटं लिंचबर्ग राहिलेलं नाही. 2009 पर्यंत टेनेसीत तीनच काउंट्यांत दारू गाळता येई. कायदा सैल झाला आणि लहान लहान भट्ट्या उगवल्या. तलाहोमाजवळची जॉर्ज डिकेलची भट्टी तर 1958 पासूनची आहे, आणि तिथे कोळशात घालण्याआधी व्हिस्की थंड करतात. एका दिवसात या दोन भट्ट्या आणि खाणावळीतलं जेवण आरामात होतं. तिसरीच्या मागे लागाल तर काहीच धड बघून होणार नाही.

नॅशव्हिलला मुलांकडे जाणाऱ्या मंडळींनी संगीताची संग्रहालयं बघून झाली की एक दिवस इकडे काढावा. भट्टीच्या फेरीची वेळ आणि बोबोबाईंच्या खाणावळीतली जागा आधी राखून ठेवा. परतीला गाडी कोण चालवणार ते घरून निघतानाच ठरवा, आणि सगळ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा. चव घ्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात.