माळ्यावरची पेटी आणि एका वाड्याची तीन दारं

आमचं आजोळ शहापूरचं, बेळगावला चिकटलेलं. तेव्हा ते सांगली संस्थानात होतं. आजोबांच्या माळ्यावर एक लाकडी पेटी होती, आत साठ-सत्तर तबकड्या. फोनोला चावी द्यायला ते बसले की आम्ही पोरं भोवती, आणि आज्जी आतून ओरडायची, "काय करूलास रे तिथं? सुई मोडशील बघ!"

गाणी कळायची नाहीत, म्हणून आम्ही लेबलं बघून वाटण्या करायचो. कुत्रेवाल्या एचएमव्ही धाकट्याच्या, सुरांच्या खुणावाल्या कोलंबिया ताईच्या, घुमटाचं चित्र असलेल्या ओडियन माझ्या. तीन कंपन्या, तीन मालक असंच वाटायचं. आजोबांनाही तसंच वाटत असणार.

खरी गोष्ट मोठेपणी कळली. ओडियन मूळची जर्मन, लिंडस्ट्रॉम कंपनीची. ती १९२५-२६ च्या सुमारास इंग्लंडच्या कोलंबियाने घेतली. मग १९३१ साली कोलंबिया आणि एचएमव्हीवाली ग्रामोफोन कंपनी एक झाल्या आणि ईएमआय जन्माला आली. इकडे डमडमला ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना १९२८ पासून होताच. लेबलं मात्र वेगळीच ठेवली. एजंट वेगळे, जाहिराती वेगळ्या. गिऱ्हाइकाला वाटायचं बाजारात चुरस आहे, आणि पैसा जायचा एकाच तिजोरीत.

यात आजोबांची फजिती झाली ती सांगतो. अब्दुल करीम खाँसाहेब आधी बडोदे दरबारी, पुढे मिरजेचे झाले. हे बडोदेकरांना सांगायला नकोच. १९३४ ते ३६ च्या दरम्यान त्यांनी ओडियनसाठी जी ध्वनिमुद्रणं केली, ती नंतर कोलंबियाच्या लेबलावरही निघाली. आजोबांनी एकच चीज दोन्हीकडची विकत घेतली, आणि कोलंबियावालीत तान जास्त खुलते म्हणून शेजारच्या मास्तरांशी वर्षानुवर्षं वाद घातला! ध्वनिमुद्रण तेच होतं की हो.

पण न्यायाने बोलायचं तर त्या मोठ्या घराने खाँसाहेबांना जपलंही. ते १९३७ साली गेले. त्यांची गाणी आधी तबकडीवर, मग एलपीवर, मग कॅसेटवर आली, आणि आज फोनवर आहेत. मूळ साच्यांना वारस होता म्हणून हे झालं. पुढे १९८० च्या दशकात इथली ग्रामोफोन कंपनी कलकत्त्याच्या आरपीजी समूहाकडे गेली आणि तिची सारेगामा झाली. म्हणून २०१२ साली ईएमआयची तिकडची गाणी युनिव्हर्सलने घेतली, तेव्हा आपल्या जुन्या गाण्यांचे हक्क इथेच राहिले. जगात आता युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर अशी तीनच मोठी घरं उरलीत.

वारस नसला की काय होतं, ते आमच्या पेटीत तळाला होतं. आईच्या आत्याची तबकडी. लेबल यंग इंडिया. मुंबईची नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, १९३५ च्या सुमारास सुरू झालेली, कारखाना वडाळ्याला. मोठ्या घराशी संबंध नाही, आणि नवख्या, हौशी गळ्यांना दार उघडं. आत्याआजी तेव्हा सतरा वर्षांची. वडिलांबरोबर आगगाडीने मुंबईला गेली, दोन भावगीतं गायली, परत आली, लग्न झालं. पुन्हा कधी गायली नाही. तबकडीवर आडनावही नाही, नुसतं 'कुमारी' आणि नाव. त्या काळी असं चालायचं. गंगूबाई हनगल यांच्या पहिल्या तबकड्याही 'गांधारी' या नावानेच निघाल्या होत्या. गंगूबाईंच्या मागे एचएमव्ही होती आणि पुढे साठ-सत्तर वर्षांचं गाणं होतं. आत्याआजीच्या मागे जी कंपनी होती ती १९५५ च्या सुमारास बंद पडली.

आमच्याकडची प्रत घर बदलताना तडकली. सुई प्रत्येक फेऱ्याला टक् करते, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. तरी मागच्या वर्षी भाच्याने ती संगणकावर उतरवून इंटरनेटवर टाकली. आठ दिवसांत कुठल्याशा कंपनीचा दावा आला की हे गाणं आमच्या मालकीचं! आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा, तो केव्हाच संपलेला. भाच्याने लेबलाचा फोटो जोडून पत्रावर पत्र पाठवली तेव्हा दीड महिन्याने दावा उठला. ज्यांनी तिला कधी ऐकलं नव्हतं त्यांनी मालकी सांगावी, याचा आईला फार राग आला. मला थोडं हसूही आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या बाजूचं गाणं मात्र तडा तिथेच रुंद असल्याने लागतच नाही. आईला त्याची चाल अर्धीच आठवते. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या संग्राहकांकडे चौकशी करणार आहोत. तोवर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवा, कुठेही कुणाच्या माळ्यावर यंग इंडियाच्या तबकड्या असतील, तर कृपा करून रद्दीवाल्याला देऊ नका. लेबलाचा फोटो खाली टाका. आई रोज विचारते, कुणी काही लिहिलं का?