उन्माद, देऊळ आणि तंजावर

तंजावरास बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याचे पाय प्रथम सरस्वती महालाकडे वळतात. तेथील मोडी कागदांइतकीच त्याला चकित करतात ती दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळची (१७९८–१८३२) नेत्ररोग्यांची टिपणे. रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र आणि त्यासोबत विकाराची व उपचाराची नोंद, असे त्यांचे स्वरूप. महाराजांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींना स्थान होते. तेथील अनुभवसिद्ध योग महाराजांच्याच नावाने तमिळ पद्यांत गुंफले गेले.

डोळ्याचा विकार असा चित्रात उतरतो. मनाचा उतरत नाही. ज्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या मागावर आहे अशी ज्याची खात्रीच झालेली असते, त्याची पीडा पाहणाऱ्यास दिसत नाही. तिचे चित्र या प्रांतात कथेने रेखाटले. कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर, म्हणजे मध्यार्जुन क्षेत्र, हे त्या कथेचे स्थळ. पदच्युत झाल्यावर सरफोजींचे चुलते अमरसिंह येथेच राहिले. वरगुण पांड्याच्या घोड्याखाली एक ब्राह्मण चिरडला गेला आणि ब्रह्महत्या राजाच्या पाठीस लागली. राजा महालिंगस्वामींच्या पूर्वद्वाराने आत शिरला, ती दाराशीच थांबली; राजा दुसऱ्या दाराने निघून गेला. भाविक आजही आल्या वाटेने परतत नाहीत, आणि मन बिघडलेल्या माणसास आप्त येथे घेऊन येतात. पाठलागाच्या भ्रमाचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही.

वैद्यकाने मात्र हा विषय देवावर सोडला नव्हता. मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार इत्यादी आठ गोष्टींचा विभ्रम तो उन्माद, असे चरकसंहिता सांगते. तीत रोग्याचे सांत्वन आहे, तसेच त्याला बांधणे व भय दाखविणे हेही आहे. ग्रंथाचा अभिमान धरणाऱ्यांनी हे पान गाळून वाचू नये.

१९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्मादावरील गुण प्रसिद्ध केला. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमॅझिनचा उपयोग दाखवून दिला. रेसर्पिन पुढे मागे पडले. क्लोरप्रोमॅझिनच्या कुळातील औषधे मेंदूतील डोपामीनचे कार्य आवरतात, आणि पुष्कळ रोग्यांचे आवाज व संशय त्यामुळे ओसरतात. मात्र बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद केली की विकार बहुधा उलटतो. उपचाराला उशीर झाला तर सुधारणाही अवघड होते. अब्रूपायी घरातच दडविलेली वर्षे अशी महाग पडतात. बदलीच्या गावी, जेथे मनातले सांगावे असे आपल्या भाषेचे माणूस शेजारी नसते, तेथे ती दडविणे अधिकच सोपे!

मग देवळात काहींना उतार पडतो, तो कशाने? तमिळनाडूतील एका मुत्तुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ रोग्यांची पाहणी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. बरे करण्याचा म्हणून खास विधी नाही. सोबत घरचे माणूस आणि हलकीशी कामे. तेवढ्यावर लक्षणांचे माप सुमारे २० टक्क्यांनी उतरले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा यावरून औषध टाकावे असे कोणी समजू नये. परंतु देवळाचे नाव असले की पुरे, असेही नाही. रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ रोग्यांचा तीत अंत झाला. साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मात्र १९५७ पासूनच घरच्या माणसाला उपचारात घेतले. तेथे रोग्याबरोबर एक आप्त मुक्कामास राहतो, आणि विकार काय आहे व औषध का सोडावयाचे नाही, हे त्यालाही समजावून दिले जाते.